हळद लागायच्या आधी

दहावीचा निकाल लागला की वसमतच्या रस्त्यांवर ‘दहावीनंतर पुढे काय?’ असे फलक लागतात. मग एखाद्या मंगल कार्यालयात करिअर मार्गदर्शन मेळावा भरतो. दारातली रांगोळी मुलींनी काढलेली, स्वागतगीत मुलींनी म्हटलेलं, पाहुण्यांना गुच्छ द्यायला मुलीच उभ्या आणि व्यासपीठावर ओळीनं बसलेले पुरुष. क्लासचे संचालक, एखादे अधिकारी, एखादे पुढारी. मोठी स्वप्नं पाहा, असं सगळे सांगतात. मुली टाळ्या वाजवतात. महिन्याभरापूर्वी याच मुलींच्या वर्गातल्या एखादीचं लग्न कुठल्यातरी आखाड्यावर उरकून टाकलेलं असतं. सभागृहातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक असतं. बोलत कोणी नाही.

‘तू कोण होणार?’ हा प्रश्न मुलाला विचारला तर तो प्रश्न असतो. मुलीला विचारला तर तो अर्धाच असतो. उरलेला अर्धा असा: हे ठरवणार कोण? तुला घराबाहेर जाऊन चार कामं पाहू कोण देणार? आणि पाहिलंस, आवडलं, तर दहावीनंतरची चार वर्षं तुझ्यासाठी कोण राखून ठेवणार? हा अर्धा भाग टाळून केलेलं मार्गदर्शन म्हणजे पंगतीचं आवतण देऊन दाराला आतून कडी घालणं आहे.

मेळावे येतात आणि जातात, त्यांच्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. मला बोलायचं आहे ते शाळेतल्या प्रकल्पाबद्दल. मुलीच्या हातात दहावीच्या आत येणारी ही एक खरी संधी आहे आणि ती आपल्या डोळ्यांदेखत वाया जाते आहे. महिला गटांनी तिच्याकडे अजून पुरेसं लक्ष दिलेलं नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी सरकारी उत्साहाचा थोडा इतिहास. २०१६ साली महाराष्ट्रात दहावीच्या मुलामुलींची कलचाचणी सुरू झाली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं. मुलीनं संगणकावर उत्तरं द्यायची आणि तिचा ‘कल’ कागदावर छापून यायचा. खेड्यातल्या मुलींचा कल गणवेशाकडे निघाला तर नवल वाटायला नको. पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुली मराठवाड्यात आपण सगळ्याच पाहतो. पण ज्या साली सरकार मुलींना गणवेशाची आवड विचारत होतं, त्या साली खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं दार मुलींना बंद होतं. ते उघडलं २०२१ मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयानं कान पिळल्यावर. मुलींची पहिली तुकडी तिथून २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडली. म्हणजे कल मोजणारं सरकारच होतं आणि दार लावून बसलेलंही सरकारच. पुढे कलचाचणीही बंद पडली. तिनं मुलीचा कल मोजला. घराचा कल कोणाकडे, हे मोजायला काही यंत्र तिच्याकडे नव्हतं.

मग आलं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. त्यात एक चांगली गोष्ट आहे आणि ती चांगली म्हणायला मला संकोच नाही. सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं दहा दिवस दप्तर घरी ठेवायचं आणि सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा आपल्याच परिसरातल्या जाणत्या माणसांकडे जाऊन काम शिकायचं. मोठ्या वर्गांनाही सुट्टीत अशी संधी मिळावी, असं त्यात म्हटलं आहे. अमेरिकेतल्या अनेक हायस्कुलांत शेवटच्या वर्षी असाच एक मोठा प्रकल्प करावा लागतो. विद्यार्थी एक व्यवसाय निवडतो, त्या कामातल्या माणसाबरोबर काही आठवडे घालवतो, नोंदी ठेवतो आणि शेवटी परीक्षकांपुढे उभं राहून सांगतो, मी हे पाहिलं, हे मला जमेल, हे जमणार नाही. ‘जमणार नाही’ म्हणण्याची मुभा मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे मुलीला काय जमणार नाही हे तिच्या जन्माच्या आधी ठरलेलं असतं. स्वतः पाहून तिनं ते ठरवावं, ही कल्पनाच नवी आहे.

आता हा प्रकल्प वसमतला पोचेपर्यंत त्याचं काय होतं ते पाहा.

तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या वर्गाला ‘माझ्या परिसरातील व्यवसाय’ असा प्रकल्प दिला होता. एका माणसाची मुलाखत घ्यायची, काम पाहायचं, वही लिहायची. शिक्षकांनी सोयीसाठी विषयांची यादीही दिली. ती दोन भागांत होती. मुलांसाठी: मोंढा, ट्रॅक्टरचं शोरूम, साखर कारखाना, वीज उपकेंद्र, पोलीस ठाणे, वेल्डिंगचं दुकान. मुलींसाठी: अंगणवाडी, शिवणकाम, ब्युटी पार्लर, नर्सबाई, पापड-मसाले करणारा बचत गट. यादी वाईट हेतूनं केली होती असं मी म्हणत नाही. ‘मुलींना जवळचं बरं पडेल’ एवढाच विचार होता. वाईट हेतू असता तर भांडणं सोपं झालं असतं.

मुलींच्या वह्या आमच्या किशोरी गटात आल्या तेव्हा मी त्या वाचल्या. अक्षर सुरेख, समास आखलेले, कडेला फुलांची नक्षी. दुकानातून आणलेले तयार तक्ते चिकटवलेले. मुलाखती बहुतेक घरात बसून लिहिलेल्या, कारण दुपारी एकटीनं जायचं नाही आणि संध्याकाळी तर मुळीच नाही. एकीनं अंगणवाडी सेविकेबद्दल दहा पानं लिहिली होती; तिला मिळतं ते वेतन नाही, मानधन आहे आणि सरकार तिला कर्मचारी न म्हणता मानसेवी म्हणतं, हे त्या दहा पानांत कुठेही नव्हतं. कसं असेल? ‘मुलाखतीचे प्रश्न’ म्हणून फळ्यावर जे दहा प्रश्न लिहून दिले होते त्यांत पगाराचा प्रश्नच नव्हता. मुलांच्या वह्यांत मात्र ट्रॅक्टरची किंमत, वेल्डरची दिवसाची कमाई, मोंढ्यातला भाव, सगळं होतं. मुलगा व्यवसाय म्हणजे पैसा हे शिकून येतो. मुलगी व्यवसाय म्हणजे सेवा हे शिकून येते. एकाच प्रकल्पात, एकाच वर्गात.

या ढिगाऱ्यात एक वही वेगळी होती. तिच्या मालकिणीचं नाव इथे देत नाही. तिनं विषय घेतला होता हळदीचा.

वसमतमध्ये हळदीचा विषय घेणं यात विशेष काही नाही. इथली हळद वसमतची ओळख आहे. २०२४ मध्ये ‘वसमत हळद’ या नावानं तिला भौगोलिक मानांकन मिळालं. बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र वसमतलाच होत आहे. निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळाचं कार्यालयही २०२५ च्या जानेवारीत सुरू झालं. तेव्हा मुलीला वाटलं, आपण मोंढ्यात जावं, लिलाव पाहावा, आडत्याशी बोलावं. घरून उत्तर आलं, ‘मोंढ्यात लेकीबाळीचं काय काम?’ शाळेतून उत्तर आलं, ‘मामाला विचारून लिही.’ तिनं मामाला विचारलं नाही. ती शेतात गेली, जिथं तिला कोणी अडवत नाही, कारण तिथं तिच्या हातांची गरज असते.

तिनं आपली माय, चुलती आणि त्यांच्या टोळीतल्या बायांना प्रश्न विचारले. हे काम कोणाकडून शिकलात? किती वर्षांच्या होतात? किती वाजता येता? रोजानं येता की गुत्त्यानं? पैसे कोणाच्या हातात पडतात? आणि हळदीची वाट तिनं पायरी-पायरीनं लिहून काढली. पाला कापणं बायांकडे. जमीन उकरणं ट्रॅक्टरकडे, म्हणजे गड्याकडे. माती झटकणं, कंद मोडणं, जेठे गड्डे आणि हळकुंडं वेगळी करणं, बेण्यासाठी निरोगी गड्डे निवडून ठेवणं हे सगळं उन्हात वाकून, बायांकडे. शिजवायचा कुकर भाड्याचा, तो चालवणारे पुरुष. वाळत घालणं, वर-खाली करणं, पाऊस आला तर धावत झाकणं बायांकडे. पॉलिशचा ड्रम पुरुषांकडे. मोंढा पुरुषांकडे. पट्टी ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या नावावर. तिच्या वहीतलं एक निरीक्षण मी मनात ठेवलं आहे: हळद जिथपर्यंत मातीची असते तिथपर्यंत ती बायांची, जिथून पैशाची होते तिथून गड्यांची. शब्द माझे आहेत, हिशोब तिचा.

कुजका गड्डा हातात घेतल्याबरोबर ओळखणाऱ्या बाया आहेत या. कंदकूज कोणत्या कोपऱ्यातून सुरू झाली ते त्या सांगू शकतात. कृषी पदवीच्या विद्यार्थ्याला हे शिकायला एक हंगाम लागेल. तरीही त्यांचा रोज गड्याच्या रोजापेक्षा कमी. समान वेतनाचा कायदा या देशात १९७६ साली झाला, आता तो वेतन संहितेत विरघळला आहे. वसमतच्या शिवारात तो दोन्ही रूपांत पोचलेला नाही. मोंढ्यातल्या हमालाच्या पाठीशी निदान १९६९ चा माथाडी कायदा आहे, संघटना आहे, लाल झेंडा घेऊन उभं राहायची परंपरा आहे. हळद मोडणाऱ्या बाईच्या पाठीशी तिची दुखरी पाठच.

वही तपासून आली. शेवटच्या पानावर लाल शाईत शेरा होता: ‘व्यवसायाची माहिती लिहावी. मजुरी हा व्यवसाय नाही.’

मला या शेऱ्याशी भांडायचं आहे. शेरा मारणाऱ्या व्यक्तीशी नाही, शेऱ्याशी. कारण तो एका शिक्षकाचा नाही. जनगणनेतसुद्धा नुसतं घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’ या रकान्यात जाते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं निघालं. पाच तास काम करून ‘काम न करणारी’. आणि शेतात वाकून हळद मोडली तर ती नुसती मजुरी. म्हणजे बाईनं घरात केलं तर ते कर्तव्य, शेतात केलं तर मजुरी, अंगणवाडीत केलं तर सेवा, बचत गटात केलं तर ‘हातभार’. मग व्यवसाय करायचा तिनं कुठे? आणि ज्या मुलीच्या घरातल्या चार पिढ्यांच्या कामाला शाळाच काम म्हणत नाही, ती मुलगी ‘करिअर’ हा शब्द कोणत्या पायावर उभा करणार?

मराठीत शाळकरी मुलीनं आजूबाजूचं जगणं पाहून लिहिल्याचं उदाहरण नवं नाही. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा-एक वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’नं छापला. तिलाही कोणी म्हणू शकलं असतं, निबंधाचा विषय लिहावा, दुःख हा विषय नाही. म्हटलं नाही, म्हणून आज तो निबंध आपल्याकडे आहे. पावणेदोनशे वर्षांनंतर आपण त्याच्या पुढे जायला हवं होतं.

मुलींनी काय शिकावं आणि त्यासाठी घरचं काम किती मागे पडू द्यावं, हा वादही जुनाच. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, आपण त्याला हुजूरपागा म्हणतो. तीनच वर्षांत टिळकांच्या ‘मराठा’ पत्रानं तिथल्या अभ्यासक्रमावर तोफ डागली. मुलींनी अकरा ते पाच शाळेत बसणं घराला परवडणारं नाही, तीन तास पुरेत, असा सूर होता. स्वातंत्र्यानंतर हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९६४ मध्ये स्पष्ट सांगितलं की मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असू नयेत. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात ते उचलून धरलं, गृहविज्ञान मुलींना सक्तीचं करू नये असंही म्हटलं. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात आई-वडील मिळून भाजी निवडतानाचं चित्र छापलं, त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पुस्तक बदललं. पण कार्यानुभवाच्या तासाला मुलींच्या हातात सुई आणि मुलांच्या हातात हातोडी, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं, म्हणून कुठल्याही समितीला ते खोडता येत नाही. विषयांची दोन भागांतली ती यादी अशीच न छापलेली. हंसाबाईंच्या समितीनं पुढच्या दारानं बाहेर काढलेला वेगळा अभ्यासक्रम प्रकल्पाच्या मागच्या दारानं परत आला आहे.

यावर शाळांची उत्तरं मला पाठ झाली आहेत. पहिलं उत्तर सुरक्षिततेचं. मोंढ्यात गर्दी असते, गाड्या असतात, माणसं कशीही बोलतात. खरं आहे. मग मुलींना मोंढ्यात न पाठवणं हा उपाय की मोंढ्यात बोलणाऱ्यांची तोंडं बंद करणं हा? दहा मुली, एक शिक्षिका, गटाच्या दोन बाया, सकाळी दहाची वेळ आणि बाजार समितीला आधी दिलेलं पत्र. यात असुरक्षित काय आहे? आणि हेच पालक काढणीच्या दिवसांत याच मुलीला पहाटे टेम्पोत बसवून दुसऱ्या शिवारात पाठवतात तेव्हा सुरक्षितता कुठे जाते? जानेवारी ते मार्च या महिन्यांतले शाळेचे हजेरीपट काढून बघा. दहावीची परीक्षा आणि हळदीची काढणी एकाच मोसमात येते. मुलगी मजूर म्हणून बाहेर गेलेली चालते, विद्यार्थिनी म्हणून गेलेली चालत नाही.

दुसरं उत्तर, ‘पालकच नको म्हणतात.’ पालक नको म्हणतात हे अर्धसत्य आहे. पालकांना विचारलेलं असतं ‘मुलीला मोंढ्यात पाठवता का?’ असं. ‘तुमच्या मुलीला हळदीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागू शकते, ती कशी लागते हे बघायला पाठवता का?’ असं कोणी विचारलं आहे? ज्या माणसानं आयुष्यभर भाव पडलेला पाहिला त्याला प्रयोगशाळेचा पगार कळतो.

तिसरं उत्तर आपल्याच माणसांकडून येतं, म्हणून ते जास्त टोचतं. ‘आधी बालविवाह थांबवा, मग करिअरचं बघू.’ जणू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के आहे. हिंगोलीत तिघींपैकी एकीहून जास्त. १९९९ पर्यंत वसमतही परभणीतच होतं, तेव्हा शेजारच्याकडे बोट दाखवायचं कारण नाही. २००६ चा कायदा आहे, ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, १०९८ हा क्रमांक आहे. फोन आला की लग्न थांबतं, हे खरं. थांबल्यानंतर ती मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करते? शाळा तर दहावीला संपलेली असते. घरात सगळे गप्प. आणि अठरा पूर्ण झाल्याच्या महिन्यात तेच स्थळ, तीच हळद. लग्न नको म्हणण्यासाठी मुलीला त्या जागी ठेवायला काहीतरी हवं असतं. ‘मला अजून लग्न करायचं नाही’ या वाक्याला आमच्या घरांत किंमत नाही. ‘मला परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान शिकायचं आहे, मी तिथं जाऊन पाहून आले आहे’ या वाक्यापुढे बाप निदान क्षणभर थांबतो. प्रकल्प तिला ते वाक्य देऊ शकतो. त्याची खरी किंमत वीस गुणांत नाही.

सरकारनं २०२४ च्या जुलैत निर्णय काढला: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. शासकीय नोकऱ्यांत ३० टक्के आरक्षण १९९४ च्या महिला धोरणापासून. मुलींना एसटीचा पास फुकट. या सगळ्यासाठी बायका रस्त्यावर आल्या होत्या, हे कोणी खैरातीत दिलेलं नाही. पण शुल्कमाफी लागू होते ती महाविद्यालयाच्या खिडकीशी पोचलेल्या मुलीला. दहावीच्या वर्गापासून त्या खिडकीपर्यंतचा रस्ता कोण बांधणार? आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या राखीव जागेवर अर्ज करायचा, तर मुलीनं आधी एखादं वीज उपकेंद्र आतून पाहिलेलं असावं लागतं. न पाहिलेल्या कामाची इच्छा कशी होणार?

आणि हे होऊ शकतं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय निघाला आणि राज्यातल्या अनेक हायस्कुलांत गेला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायचं: जोडकाम-बांधकाम, वीज व ऊर्जा, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य. चारही विभाग सगळ्यांना. मुली वेल्डिंग करतात, मुलं स्वयंपाक करतात आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला शिकतात. गावातलं खरं काम अंगावर घ्यायचं, त्याचा खर्च काढायचा, हिशोब लिहायचा. कोणी अमेरिकेतून आणलं नव्हतं ते. चाळीस वर्षं ते महाराष्ट्रात आहे. वेल्डिंगचा चष्मा चढवलेल्या मुलीला ‘तुला नाही जमणार’ हे सांगायला उशीर झालेला असतो, एवढाच त्याचा गुण मी सांगेन.

आमच्या जिल्ह्यात तर आता विज्ञान घराशी येऊन उभं राहतंय. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, लायगो-इंडिया, उभारायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेलं यंत्र. तिथं भौतिकशास्त्रज्ञ लागतील, तसेच निर्वात यंत्रणेचे तंत्रज्ञ, वीज सांभाळणारे, संगणक सांभाळणारे, बांधकामाचे पर्यवेक्षकही लागतील. आमच्या मुलींना त्या कुंपणाच्या आत कोणतं काम मिळणार? आज हा प्रश्न विचारला नाही तर उत्तर मला आत्ताच दिसतंय: उपाहारगृहात पोळ्या आणि आवारात झाडलोट. हळदीच्या संशोधन केंद्रातही तेच. प्रयोगशाळेत कुर्क्युमिनचं प्रमाण मोजणारी बाहेरगावची माणसं आणि दारात हळद वाळवणाऱ्या वसमतच्या बाया.

म्हणून या वर्षी गटांनी शाळांकडे जावं, आणि सत्कार करायला नाही, यादी मागायला. प्रत्येक शाळेला लेखी विचारावं: व्यवसायविषयक प्रकल्पासाठी मुलींना कोणते विषय दिले, मुलांना कोणते, किती मुली प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी गेल्या. आठवीपर्यंतच्या शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया असल्याच पाहिजेत असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्या बाया सहीपुरत्या बसवलेल्या असतात. त्यांच्या तोंडून हा प्रश्न सभेत आला पाहिजे आणि इतिवृत्तात लिहिला गेला पाहिजे. नववी-दहावीसाठी शिक्षक-पालक संघ आहे. विषयांची यादी एकच हवी, चिठ्ठ्या टाकून वाटली तरी चालेल. मुलगा अंगणवाडीत जाऊन बसला तर त्याचं काही बिघडणार नाही, उलट चार पोरांची नाकं पुसायला शिकेल.

मुलाखतीच्या प्रश्नांत पाच प्रश्न सक्तीचे असावेत. महिन्याला हातात किती पडतात? बाईला आणि गड्याला सारखेच का? कामाच्या जागी बायांसाठी संडास आहे का? घरून निघून परत यायला किती वेळ लागतो, शेवटची बस किती वाजता? या कामात वरच्या जागेवर एखादी बाई आहे का, नसेल तर का नाही? संडासाचा प्रश्न ऐकून एक मुख्याध्यापक हसले होते. ज्या मुली पाळीच्या दिवसांत घरी राहतात त्यांना हसू आलं नव्हतं.

मजुरीवर प्रकल्प करायला मुभा नव्हे, उत्तेजन हवं. मोडणीच्या बाईचं ज्ञान वहीत उतरलं पाहिजे, तिचं नाव ‘मार्गदर्शक’ म्हणून पहिल्या पानावर आलं पाहिजे आणि वही सादर होते त्या दिवशी ती शाळेत खुर्चीवर बसली पाहिजे, तिच्या रोजाची भरपाई शाळेनं किंवा ग्रामपंचायतीनं देऊन. हा पैसा फार नाही. पाहुण्यांच्या गुच्छांत आणि शालींत याहून जास्त जातो.

हळदीची पुढची काढणी जानेवारीत सुरू होईल. त्याआधी, सहामाही परीक्षा संपल्या की, आमचा गट दोन शाळांतल्या नववीच्या मुली घेऊन मोंढ्यात जाणार आहे. लिलाव पाहायला, काट्यावर उभं राहायला, पट्टी कशी लिहितात ते बघायला. त्यानंतर परभणीच्या अन्नतंत्रज्ञान महाविद्यालयात. पत्रं टाकली आहेत. ज्या मुलीच्या वहीवर तो शेरा आला ती आता दहावीत आहे, तीही येते म्हणाली आहे; घरी अजून विचारलेलं नाही. विचारायला आम्ही दोघीजणी जाणार आहोत, तिच्या मायेलाच आधी.